इतिवृत्तात न आलेलं

दाभोळ, मच्छीमार सोसायटी. बावीस सभासद हजर.
डिझेलचा कोटा, बर्फाचा दर, जेट्टीवरचा बंद दिवा,
तीन विषय संपले.
चौथा कार्यपत्रिकेत नव्हता.

काशिनाथ डोर्लेकर उठला, खिशातून चौपदरी कागद काढला.
ठराव: आपल्या देशाने या युद्धात उतरू नये.
कुणीतरी हसलं.
चेअरमन म्हणाले, अरे, दाभोळला विचारून
दिल्ली कधी लढाईला गेलीय?
काशिनाथ म्हणाला, विचारत नाहीत म्हणूनच सांगायचं.

तो लाल बावट्याचा. चिपळुणात त्याच्या पक्षाचं कार्यालय
शिंप्याच्या दुकानावर, लाकडी जिन्याने.
मागच्या सोमवारी तिथे नऊ माणसं निदर्शनाला उभी राहिली
आणि अकरा पोलीस.
त्याची कारणं छापील: तेल, तोफा,
नफा कोणाचा, मढी कोणाची.
ती मी भराभर उतरवून घेतली.
बाकीच्यांची कारणं उतरवता येईनात.

गंगाराम मर्चंडे, सतरा वर्षं पलटणीत, आता बोटींची इंजिनं खोलतो,
गुडघ्यात अजून लोखंड.
हा ठराव पाडणार, सगळ्यांना खात्री.
तो म्हणाला, लढाई वाईट असं मी म्हणणार नाही.
आपल्या दारात आले तेव्हा मी गेलो.
हे दार आपलं नाही.
मग थांबून:
शाळेच्या विहिरीजवळचा दगड वाचलाय कुणी?

वाचलाय. त्यावर बसून आम्ही सगळ्यांनी पेरू खाल्लेत.
‘या गावातून एकोणतीस माणसे महायुद्धास गेली.
पैकी सहा परत आली नाहीत.’
नावं नाहीत.
गंगाराम म्हणाला, माझा पणजा सहांत की तेविसांत
हेही आम्हाला ठाऊक नाही.
बसरा हा शब्द तेवढा घरात राहिला.
पोर हट्टाला पेटलं की आजी म्हणायची,
जा मेल्या बसऱ्याला.

दारात मैना जाक्कर, डोक्यावर रिकामी पाटी.
सभासद नाही, शेअर नवऱ्याच्या नावावर.
माशांना सरहद्द कळत नाही, असलं काही ती बोलली नाही.
म्हणाली, मागच्या खेपेला दर्या बंद केलात एकवीस दिवस,
तेव्हा सावकाराकडे ठेवलेली माझी पाटली
अजून त्याच्याच सुनेच्या हातात आहे.

रोशन पावसे ताडकन उठला. भित्र्यांची सोसायटी म्हणतील आपल्याला!
दोनदा नौदलाच्या भरतीला गेला, दोनदा छाती एक सेंटीमीटर कमी.
त्याचे डोळे खरंच भरले होते.
त्याला कुणी उत्तर दिलं नाही,
माझ्याकडेही नव्हतं.

आणि अब्बास होडेकर.
त्याचा मुलगा तेलाच्या जहाजावर, त्याच आखातात,
महिनाभर नांगर टाकून.
फोनवर सांगतो, रात्री डोक्यावरून काहीतरी जातं,
आवाज मागाहून येतो.
अब्बास बोलला की लोक आधी त्याचं नाव ऐकतात,
वाक्य नंतर.
म्हणून तो बर्फाच्या दरावर सविस्तर बोलला होता
आणि आता पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेला.

हात वर करा म्हटलं.
सात बाजूने, नऊ विरुद्ध,
सहा जणांचे हात मांडीखाली.
सातवा हात कानापर्यंतच आला,
खाजवल्यासारखा.
मी तो धरला.
मला मत नाही, मी पगारी.
वहीत लिहिलं: आयत्या वेळचा विषय. चर्चा झाली. ठराव नामंजूर.

धोपाव्याच्या शेवटच्या फेरीबोटीला अब्बास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.
खाडीत ओहोटी, इंजिनाचा धूर.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, तो हात... खोडता येईल?

म्हटलं, नावं कुठे लिहितो आपण.
नुसता आकडा असतो.